झोळीतलं वजन

आधीच सांगते, ही बनवलेली गोष्ट नाही.

ज्याच्यासोबत घडली तो माझा सख्खा मामा आहे. यादगिरी मामा. चांगला जिवंत आहे, रोज मागावर बसतो, आणि हे सगळं त्याने स्वतःच्या तोंडाने माझ्या आईला सांगितलं. मी शेजारी बसून शेंगा सोलत होते. सोलणं कधी थांबलं ते मला कळलंच नाही.

स्वरूपा मामीला यातला शेवट अजून माहीत नाही. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून बिनधास्त लिहितेय.

आणि हो, भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं त्यांनी तर नक्की वाचा. कारण हे घडलं भर दुपारी. वैशाखातली अमावास्या. बाहेर लख्ख ऊन, अंगणात वाळत घातलेलं लाल-काळं सूत, दाराशी पाय पसरून झोपलेलं कुत्रं.

गाव पोचमपल्लीच्या पुढे. तिथे घरोघरी माग आहेत. माग म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा असतो. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो, कमरेच्या खाली सगळा जमिनीत. पायाखाली दोन लाकडी पट्ट्या. एक दाबली की ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, निम्मे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले. मधून आडवा धागा घेऊन धोटा पळतो. खट्... खट्... गावात दिवसभर तोच आवाज.

तर, यादगिरी. (गोष्टीपुरता त्याला नुसता यादगिरीच म्हणते.)

पहिलं बाळंतपण स्वरूपाच्या माहेरी झालं, नलगोंड्याला. यादगिरी नवा शर्ट घालून, पेढे घेऊन गेला. सासूने दुपट्यात गुंडाळलेली मुलगी त्याच्या हातात ठेवली.

"घ्या जावईबापू. नाक बघा, अगदी तुमचं."

त्याने नाक बघितलं.

आणि त्याला काहीच वाटलं नाही.

वाईट वाटलं असतं तरी चाललं असतं. मुलगी झाली म्हणून तोंड वाकडं करणाऱ्यातला तो नव्हताच. पण आत काही हललंच नाही. सुताची लडी हातात आली तरी तो पीळ बघतो, रंग बघतो. इथे तेवढंही नाही. सगळे बघत होते म्हणून तो हसला, आणि मुलगी परत दिली.

वाटलं, येईल. घरी आली की येईल.

मुलगी पाचव्या महिन्यात घरी आली. नाव ठेवलं होतं सहस्रा, पण सगळे बुज्जीच म्हणायचे.

ते मात्र आलं नाही.

यादगिरीची आई आंडाळम्मा, म्हणजे माझी आजी. तिने आपली जुनी साडी काढून मागाशेजारी, वरच्या वाशाला झोळी बांधली. झोळीची एक दोरी खाली आणून मागाच्या पायपट्टीला अडकवली. आमच्यात असंच करतात. बाप विणतो, पट्टी दाबतो, झोळी हलते. कापडही होतं आणि पोरही झोपतं.

फक्त एक नियम असतो.

पोर उचलायचं तर आधी दोरी सोडायची. आधी दोरी, मग पोर. दोरी खड्ड्यात असते, म्हणून ती विणणाऱ्यानेच सोडायची. रिकामी झोळी मागाला जोडलेली राहता कामा नये. का, ते कुणी सांगत नाही. पण तिथल्या पाच वर्षांच्या पोरालाही हे माहीत असतं.

"दोरी सोडा हो, उचलतेय," स्वरूपा म्हणायची.

"हं," यादगिरी म्हणायचा, आणि सोडायचा.

हे 'हं' नवीन होतं. लग्नात याच माणसाने वरातीत नाचून चप्पल तोडली होती. आता काही विचारा, उत्तर 'हं'. सकाळी खड्ड्यात उतरला की दिवे लागेपर्यंत वर यायचा नाही. भात आणि चिंचेचं सारही तिथेच बसून खायचा. दाढी वाढली. विणकाम मात्र चोख, एक धागा चुकायचा नाही.

शेजारचा ऐलय्या तात्या दारातून हाक मारायचा.

"काय रे यादगिरी! पोरगी झाली की घरावर जप्ती आली? ये की वर, ताडी पाजतो."

"हं."

"आंडाळम्मा, तुझा पोरगा खड्ड्यात रुजला बघ. पाणी घाल, पाऊस पडला की कोंब येईल!"

"तू आधी स्वतःचे दात लावून ये, मग बोल," आजी आतून ओरडायची.

सगळे हसायचे. यादगिरीही तोंड हसल्यासारखं करायचा.

एके दुपारी स्वरूपा म्हणाली, "दोरी सोडा, अंघोळ घालायचीय हिला."

"हं," तो म्हणाला.

आणि सोडली नाही.

मुद्दाम नाही हं. ऐकलं, उत्तर दिलं, पण ते शब्द आत पोचलेच नाहीत. तिने मुलगी उचलली आणि ती मागच्या अंगणात गेली. तो विणत राहिला.

खट्... खट्...

थोड्या वेळाने मागून मुलीचं रडणं आलं. आजी तिला पायांवर घेऊन ऊन पाणी ओतत होती.

यादगिरीने ऐकलं. मग त्याच्या लक्षात आलं...

पायाला वजन लागत होतं.

रिकामी झोळी हलकी असते. पट्टी दाबली की भुर्रकन येते. ही येत नव्हती. ही जड, सावकाश येत होती. आत कुणीतरी निजलं असावं तशी.

त्याने मान वळवली.

झोळीच्या दोन्ही कडा मिटलेल्या होत्या. आणि मध्ये साडी खाली लोंबली होती... गोल.

मागे अंगणात मुलगी रडतच होती.

दुसरा कुणी असता तर किंचाळत पळाला असता. मी तर खड्ड्यासकट पळाले असते! यादगिरी बसून राहिला. कारण भीतीसुद्धा वाटली नाही. भीती वाटायलाही आत काहीतरी शिल्लक लागतं ना.

वाटलं ते वेगळंच.

तळपायाला ऊब लागली.

मुलगी झाल्यापासून पहिल्यांदा त्याला काहीतरी जाणवलं. पायाच्या तळव्याएवढंच. पण जाणवलं.

स्वरूपाची पावलं आली. त्याने डोळे मिटून उघडले. झोळी सपाट होती.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "दोरी सोडा."

तो "हं" म्हणाला, आणि या वेळी त्याने मुद्दाम सोडली नाही.

मग रोज. मुलगी झोळीतून गेली की वजन यायचं. त्याने वाकून आत कधी बघितलं नाही. पट्टी दाबायची, वजन यायचं, जायचं. दिवसागणिक ते वाढत होतं. आणि एक दिवस तो चक्क गायला लागला. हळू, भसाड्या आवाजात, "जो जो..."

त्या दिवशी स्वरूपा ऐलय्या तात्याच्या सुनेकडे गेली होती. परत येताना दारातच तिला गाणं ऐकू आलं. ती थबकली. तिचे डोळे भरून आले. किती दिवस ती याचीच वाट बघत होती! नवरा पोरीला गाऊन झोपवतोय...

मग तिने आपल्या कडेवर बघितलं.

मुलगी तिच्या कडेवर होती.

"अहो..."

यादगिरी गातच होता.

"अहो, कुणाला जोजवताय?"

"हं?"

"बुज्जी माझ्याकडंय."

त्याचा पाय थांबला. त्याने पाय पट्टीवरून उचलला. स्वरूपाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, पाय वर होता.

आणि पट्टी आपोआप खाली गेली.

खट्...

झोळीतलं कुणीतरी झोका घेत असावं तशी.

त्या संध्याकाळी घरात रडारड झाली. आजीने दोरी सोडली, झोळी झटकली, कडुलिंबाची धुरी केली. यादगिरीला हलवून हलवून विचारलं, "सोडली का नाहीस रे दोरी? विणकराच्या पोटी जन्मलास ना?"

"लक्षात नाही राहिलं," तो म्हणाला.

यानंतर घरातला एक आवाज गेला.

कुणाच्या लगेच लक्षात आलं नाही. आजी म्हणायची, बुज्जी शहाणी झाली. मग एकदा भांडी घासता घासता स्वरूपाचे हात थांबले.

मुलगी रडत नव्हती.

कालही रडली नव्हती. परवाही नाही. भूक लागली तरी नाही. डोळे उघडे ठेवून वर वाशाकडे बघत पडायची. दूध प्यायची, पण अंगी लागत नव्हतं. अंगणवाडीतल्या बाईंनी काट्याला लावलं आणि परत लावलं.

"काटा बिघडला की काय? गेल्या खेपेपेक्षा उतरलीय ही."

स्वरूपा तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. यादगिरीलाही ओढत नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मुलीला नीट तपासलं. ताप नाही, छाती साफ. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यात उभ्या असलेल्या बापाकडे गेलं.

"तुम्हाला झोप लागते का?"

"हं."

"कुठली लागते! छताकडे बघत पडलेले असतात," स्वरूपा म्हणाली.

"मुलीला घेता का तुम्ही?"

त्याने खाली बघितलं.  स्वरूपाने पदर डोळ्याला लावला.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "हे बघा, बाळंतपणानंतर आईचं मन आजारी पडतं ना, तसं बापाचंही पडतं. खूप जणांचं पडतं. कुणी सांगत नाही एवढंच. यात तुमचा दोष नाही. गोळ्या देते, आणि दर आठवड्याला माझ्याशी येऊन बोलायचं."

घरी आल्यावर आजीचा यावर विश्वासच बसेना. "बाळंतीण ती, आणि दुखणं याला?"

"मग यालाही डिंकाचे लाडू करून घाल!" ऐलय्या तात्या कुंपणापलीकडून म्हणाला. पण या वेळी कुणी हसलं नाही. तोही नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर स्वरूपा शांतपणे बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अमावास्या झाली की मी माहेरी चाललेय. बुज्जीला घेऊन. परत यायचं की नाही ते तिथे गेल्यावर बघीन. या घरात ती वाळत चाललीय, आणि तिच्या बापाला ती नकोय."

यादगिरीला बोलायचं होतं. नकोय असं नाही गं. हवी आहे. पण हवी असणं कसं असतं तेच आठवत नाहीये. एवढं सगळं घशाशी आलं.

बाहेर आलं ते "हं".

अमावास्येला आमच्यात माग बंद असतात. कुणीही विणत नाही. रोज खटखटणारं अख्खं गाव त्या दिवशी मुकं होतं. आजी विणकरांच्या देवाच्या, मार्कंडेयाच्या देवळात गेली होती. स्वरूपा आतल्या खोलीत पिशव्या भरत होती, मुलगी तिच्याजवळ चटईवर झोपलेली. बस दुसऱ्या दिवशी सकाळची होती.

यादगिरी उठला. का उठला ते त्याला आजही सांगता येत नाही.

तो खड्ड्यात उतरला.

आणि वाशाला तशीच टांगलेल्या झोळीची दोरी त्याने स्वतःच्या हाताने पट्टीला अडकवली.

खट्...

साऱ्या गावात तेवढा एकच आवाज.

खट्...

वजन लगेच आलं. आजवर नव्हतं इतकं. वरचा वासा करकरला. झोळी इतकी लोंबली की जमिनीला टेकायला आली. आतून श्वास ऐकू येत होता... दूध पिऊन तृप्त झालेल्या लेकराचा असतो तसा. यादगिरीच्या तळपायातून ऊब वर चढत गेली. पोटरी. मांडी. पोट. छातीपर्यंत आली. त्याला वाटलं, हेच ते. यालाच बाप होणं म्हणत असतील.

तेवढ्यात...

"अहो! अहो, बुज्जी उठत नाहीये! अहो, ही डोळे उघडत नाहीये!"

आत स्वरूपा मुलीला हलवत होती. यादगिरीला दारातून दिसत होतं. मुलीचे हात चिंधीसारखे लोंबत होते. ओठ पांढरे.

त्याचा पाय सवयीने खाली गेला. खट्. झोळी जड झाली.

आणि आत स्वरूपा किंचाळली, "अगं बाई, ही गार पडतेय!"

तेव्हा त्याला समजलं. कुणी सांगायची गरज नव्हती.

पण ऐका, यातलं भयंकर काय ते. तिकडे पोटची मुलगी गार पडत होती, आणि तिच्याकडे बघून त्याला अजूनही काही वाटत नव्हतं. जे काही वाटत होतं ते सगळं झोळीसाठी. दोरी तुटली की ती ऊब जाणार. परत तो रिकामेपणा, तो कोरडेपणा, ते 'हं'. हे त्याला पक्कं माहीत होतं. बापाने अशा वेळी काय करायचं असतं, तेही माहीत होतं. पण नुसतं डोक्याला.

त्याने डोक्याचं ऐकलं.

तुटलेलं सूत कापायची लहान कात्री मागावरच असते. त्याने ती उचलली.

आणि झोळी रडायला लागली.

बुज्जीच्या आवाजात. तोच हुंदका, तोच मध्ये अडकणारा श्वास. इतके दिवस घरातून गेलेलं तिचं रडणं... झोळीत होतं.

यादगिरीची कात्री दोरीपाशी थांबली. त्याची मुलगी कोणती? ती मुकी, गार पडलेली, की ही? त्याने झोळीकडे बघितलं. कडा मिटलेल्याच होत्या. आतून एक लहानशी मूठ साडीवर दाबली जात होती.

बघायला हवं होतं का आत? तो म्हणतो, एवढाच प्रश्न त्याला अजून पडतो.

त्याने बघितलं नाही. दोरी कापली.

रडणं मध्येच तुटलं. अगदी अर्ध्यावर.

आणि उरलेलं अर्धं आतल्या खोलीतून आलं.

एकाच श्वासातलं. खंड नाही. झोळीत सुरू झालेलं रडणं चटईवर जाऊन संपलं.

"रडली! अहो, रडली बुज्जी!" स्वरूपा रडत होती, हसत होती.

यादगिरी खड्ड्यातून वर आला.  तो आत गेला आणि काही न बोलता त्याने हात पुढे केले. स्वरूपा बघतच राहिली. मग तिने मुलगी त्याच्या हातात दिली.

मुलगी लाल झाली होती, घामेजली होती, गळा काढून रडत होती. त्याने तिला छातीशी धरलं. आणि तिथेच, पिशव्यांच्या पसाऱ्यात बसून, यादगिरी लहान पोरासारखा रडला. आवाज ऐकून ऐलय्या तात्या अनवाणी धावत आला. दारातच उभा राहिला आणि गपचूप परत गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही बोलायला सुचलं नसेल!

स्वरूपा माहेरी गेली नाही.

मुलगी बाळसं धरायला लागली. अंगणवाडीतल्या बाई काट्याकडे बघून हसल्या. यादगिरीने गोळ्या घेतल्या, दर आठवड्याला दवाखान्यात जाऊन बोलला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही बरे होताय. झालाही. हळूहळू, काही दिवस चांगले, काही दिवस परत मिटलेले. आता तो ऐलय्या तात्याची थट्टा करतो म्हणजे बघा.

त्या दुपारचं काय, तर स्वरूपा म्हणते उन्हाने मुलीला ग्लानी आली असेल. आजी म्हणते मार्कंडेयाने वाचवलं. आजारी मनाला भास होतात असं डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, आणि ते यादगिरीला पटतंही.

पण एक गोष्ट त्याने त्यांनाही सांगितली नाही. फक्त माझ्या आईला सांगितली, तीही आवाज अगदी खाली आणून.

"अक्का, ती उतरली होती ना? काट्यावर उतरली होती. पिसासारखी झाली होती ती."

"मग?"

"त्या दुपारी मी तिला हातात घेतलं तेव्हा ती जड होती. आणि ते वजन माझ्या ओळखीचं होतं."

आईने एकदा माझ्याकडे बघितलं.

"माझा फार जीव आहे तिच्यावर, अक्का. फार. पण तो जीव बुज्जीवर कधी नव्हताच. तो झोळीतल्यावर होता. मग ही..."



सहस्रा आता पहिलीत जाते. भलती गोड आहे, वात्रट आहे, माझ्या वेण्या ओढते. मागच्या सुट्टीत आम्ही अंगणात खेळत होतो. मामा बाजारातून आला. "नायना!" अशी बापाला हाक मारत ती धावत सुटली आणि दोन्ही हात वर करून त्याच्यापुढे उभी राहिली. बाप तिला उचलणार, म्हणून हसत.

मामाही हसत होता. पण उचलायच्या आधी त्याने एकदा मान वळवून आतल्या खोलीकडे बघितलं. रिकाम्या चटईकडे.

दर वेळी बघतो तो. मी आता लक्ष ठेवून असते.

आपली खरी मुलगी तिथेच मागे राहिली नाही ना... आवाज न करता, कुणीतरी उचलायची वाट बघत...

मग तो सहस्राला उचलतो आणि तिचा पापा घेतो.